ब्रँडची कीर्ती आणि वाहनाचे आयुष्य : अमेरिकी पिकअपच्या दीर्घकालीन विश्वासार्हतेचा आढावा

महाराष्ट्रात ‘पिकअप’ म्हटले की बाजार समितीच्या आवारात भाजीचे क्रेट उतरवणारे वाहन डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत मात्र हाच शब्द शेतकऱ्याचे, सुताराचे, प्लंबरचे आणि आयुष्यात कधी ओझे न वाहिलेल्या शहरी कुटुंबाचेही वाहन सुचवतो. फोर्ड कंपनीची ‘एफ’ मालिका १९७७ पासून त्या देशातील सर्वाधिक खपाची पिकअप मालिका आहे, आणि शेवरले, जीएमसी, रॅम व टोयोटा यांच्या पिकअपना आपापला निष्ठावंत ग्राहकवर्ग लाभला आहे. ही निष्ठा अनेकदा बापाकडून मुलाकडे घराण्याच्या दैवतासारखी चालत येते आणि तिचा मुख्य आधार म्हणून ‘आमची गाडी टिकते’ हाच दावा पुढे केला जातो. या दाव्याची छाननी करणे व्यवहाराच्या दृष्टीनेही गरजेचे आहे, कारण २०२४ मध्ये अमेरिकेच्या रस्त्यांवरील हलक्या वाहनांचे सरासरी वय १२.६ वर्षे होते, तर नव्या पिकअपवर सर्वसाधारणपणे संपूर्ण वाहनासाठी तीन वर्षे किंवा ३६,००० मैल (सुमारे ५८,००० किलोमीटर) आणि इंजिन-गिअरबॉक्ससाठी पाच वर्षे किंवा ६०,००० मैल (सुमारे ९६,५०० किलोमीटर) एवढीच वॉरंटी मिळत आली आहे. म्हणजे वाहनाच्या आयुष्याचा मोठा भाग कंपनीची जबाबदारी संपल्यानंतर मालकाच्या खिशावर सरतो, आणि त्या भागाचा अंदाज खरेदीच्या दिवशीच बांधावा लागतो.

संज्ञांचा उलगडा

या चर्चेत दोन संकल्पनांची वारंवार गल्लत होते. विश्वासार्हता म्हणजे ठराविक काळात, ठराविक परिस्थितीत, बिघाड न होता काम करत राहण्याची शक्यता. टिकाऊपणा म्हणजे दुरुस्त्या करत करत का होईना, वाहन निकामी होईपर्यंत किती काळ चालते याचे माप. दर वर्षी सेन्सर किंवा पडद्याची किरकोळ तक्रार घेऊन गॅरेजात येणारे, पण चार लाख किलोमीटर धावणारे वाहन टिकाऊ असले तरी विश्वासार्ह म्हणता येत नाही. उलट दीड लाख किलोमीटर विनातक्रार चालून एका दिवशी इंजिन निकामी करणारे वाहन विश्वासार्ह असूनही टिकाऊ ठरत नाही. ग्राहकाला दोन्ही गुण हवे असतात, पण बहुतेक सर्वेक्षणे त्यांपैकी एकच मोजतात.

विश्वासार्हता अभियांत्रिकीत बिघाडांचे प्रमाण काळानुसार कसे बदलते हे दाखवणाऱ्या आलेखाला त्याच्या आकारावरून ‘बाथटब वक्र’ म्हणतात. सुरुवातीला जुळणीतील आणि निर्मितीतील दोषांमुळे बिघाड जास्त असतात, मधल्या दीर्घ काळात ते कमी व तुरळक राहतात, आणि अखेरीस झीज, गंज व थकवा यांमुळे पुन्हा वाढतात. वॉरंटी या वक्राची डावी कड सांभाळते, तर दीर्घकाळ वाहन वापरणाऱ्याला उजवी कड केव्हा सुरू होते हे जाणून घ्यायचे असते. त्यासाठी अभियंते बेअरिंगच्या व्यवसायातून आलेली ‘बी-१०’ ही कल्पना वापरतात. एखाद्या भागाच्या शंभर नगांपैकी दहा नग ज्या टप्प्यापर्यंत निकामी होतील तो त्या भागाचा बी-१० आयुष्यकाळ होय. या कल्पनेतील मर्म असे की सरासरी आयुष्यापेक्षा पहिले दहा टक्के केव्हा पडतात याला अधिक महत्त्व दिले जाते, आणि ग्राहकाची भीतीही नेमकी तीच असते.

माहितीची साधने व त्यांच्या मर्यादा

अमेरिकी ग्राहकाला उपलब्ध असलेली माहिती चार प्रकारच्या स्रोतांतून येते. जे. डी. पॉवर ही संस्था तीन वर्षे जुन्या वाहनांच्या मूळ मालकांना प्रश्न विचारते आणि दर शंभर वाहनांमागे किती तक्रारी आल्या या प्रमाणात ब्रँडची क्रमवारी लावते. या मापात फोन न जोडला जाणे आणि गिअरबॉक्स बिघडणे यांची गणना प्रत्येकी एक तक्रार अशीच होते, आणि तीन वर्षांचे वाहन बाथटबाच्या सपाट तळावरच असते. १९३६ पासून कार्यरत असलेली आणि जाहिराती न स्वीकारणारी ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ ही संस्था आपल्या सदस्यांकडून अनेक वर्षांच्या वाहनांची माहिती गोळा करते व इंजिन, गिअरबॉक्स यांसारख्या महागड्या बिघाडांना जास्त भार देते. त्यामुळे तिचे चित्र अधिक उपयुक्त असते, तरी नव्या मॉडेलबद्दलचा तिचा अंदाज मागील मॉडेलच्या किंवा त्याच ब्रँडच्या इतर वाहनांच्या इतिहासावर आधारलेला असतो.

तिसरा स्रोत म्हणजे राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन ही सरकारी यंत्रणा. तिच्याकडे मालकांच्या तक्रारी, वितरकांना पाठवलेली तांत्रिक परिपत्रके आणि रिकॉल, म्हणजे दोषी वाहने परत बोलावून विनामूल्य दुरुस्त करण्याच्या मोहिमा, यांची सार्वजनिक नोंद असते. तथापि रिकॉल कायद्याने सुरक्षिततेशी बांधलेला आहे. मागचे दृश्य दाखवणारा कॅमेरा बंद पडणे त्यात बसते, तर दोन लाख किलोमीटरनंतर झिजणारा गिअरबॉक्स बहुधा बसत नाही. फोर्डने २०२५ च्या पहिल्या सहामाहीतच एका वर्षातील रिकॉल मोहिमांचा आधीचा उच्चांक, जो २०१४ मध्ये जनरल मोटर्सच्या नावावर नोंदला गेला होता, मागे टाकला. या घटनेवरून कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रणाबद्दल प्रश्न जरूर उभे राहतात, परंतु तिचा एखादा पिकअप पंधरा वर्षे टिकेल की नाही याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

चौथा स्रोत जुन्या वाहनांच्या बाजारातील जाहिरातींवर आधारलेला असतो. आयसीकार्स ही कंपनी विक्रीला आलेल्या वाहनांच्या मीटरवरील आकड्यांवरून कोणती मॉडेल्स अडीच लाख मैलांपर्यंत पोहोचण्याची शक्यता अधिक आहे हे सांगते, आणि तिच्या याद्यांत टोयोटाचा टुंड्रा वारंवार अग्रभागी आला आहे. ही पद्धत उजव्या कडेच्या सर्वांत जवळ जाते, पण तिच्यात ‘तगलेल्यांचा पक्षपात’ दडलेला असतो: जे वाहन भंगारात गेले ते जाहिरातीत दिसत नाही, आणि जे तगले ते यंत्रामुळे तगले की मालकाच्या काळजीमुळे, हे आकडा सांगत नाही. २००७ सालचा एक टुंड्रा दहा वर्षांच्या आत दहा लाख मैल धावला आणि टोयोटाने तो अभ्यासासाठी ताब्यात घेतला, हे उदाहरण नेहमी दिले जाते. मात्र ते अंतर मुख्यतः महामार्गावरच्या सलग प्रवासाचे होते आणि सर्व्हिसिंग वितरकाकडे नियमित होत होते, ही बाब तितक्याच आवर्जून सांगितली जात नाही.

या चारही साधनांना एक समान मर्यादा आहे. पंधरा वर्षांच्या टिकाऊपणाचा पुरावा पंधरा वर्षांपूर्वीच्या वाहनाचाच असू शकतो, आणि ते वाहन आज नवे विकत मिळत नाही. पुरावा आणि विक्रीची वस्तू यांच्यातील ही दरी भरून काढण्यासाठी ग्राहक ब्रँडचा आधार घेतो. तो आधार कितपत भक्कम आहे हे ब्रँडच्या प्रत्यक्ष इतिहासावरून तपासावे लागते.

एकाच नावाखालची निरनिराळी यंत्रे

फोर्डच्या जड पिकअपचा डिझेल इतिहास या बाबतीत सर्वांत बोलका आहे. १९९४ ते २००३ या काळातील ७.३ लिटरचे ‘पॉवर स्ट्रोक’ इंजिन आजही दीर्घायुष्याचा मापदंड मानले जाते, तर त्याच्या जागी आलेले ६.० लिटरचे इंजिन (२००३ ते २००७) तुंबणारा ऑइल कूलर, फुटणारा एक्झॉस्ट वायूचा कूलर आणि दाबाखाली ताणले जाणारे सिलिंडर हेडचे बोल्ट यांमुळे कुप्रसिद्ध झाले. दोन्ही इंजिने नॅव्हिस्टार या एकाच कंपनीने बनवली होती, दोन्हींवर नाव एकच होते, आणि दुसऱ्याच्या वॉरंटी खर्चावरून फोर्ड व नॅव्हिस्टार यांच्यात न्यायालयीन वाद झाला. पेट्रोल इंजिनांतही हेच दिसते: २००४ नंतरच्या एफ-१५० मधील तीन व्हॉल्व्हचे ५.४ लिटर इंजिन, ज्याचे दोन तुकड्यांचे स्पार्क प्लग काढताना तुटत आणि ज्यातील कॅमची वेळ बदलणारी यंत्रणा खडखडू लागे, आणि त्याच ब्रँडची त्यानंतरची ५.० लिटर इंजिने यांना एका मापाने मोजता येत नाही.

रॅमच्या बाबतीत, जो २००९ पर्यंत डॉजच्या नावाखालीच विकला जात असे, वेगळा पेच आहे. १९८९ च्या मॉडेलपासून त्यात बसवलेले कमिन्सचे सहा सिलिंडरचे ५.९ लिटर डिझेल इंजिन मूळचे औद्योगिक वापरासाठी आखलेले होते, आणि त्याच्या आयुष्याबद्दल मेकॅनिकांत फारसे दुमत नाही. मात्र त्याच्याभोवतीचे गिअरबॉक्स, पुढची सस्पेन्शन व आतील प्लास्टिक यांना ती मजल गाठता आली नाही. शिवाय त्या इंजिनालाही निर्दोष म्हणता येत नाही, कारण १९९८ नंतरच्या काही वर्षांतील इंजेक्शन पंप, त्याला डिझेल पुरवणारा छोटा पंप कमजोर पडल्यामुळे, वारंवार निकामी होत असे.

जनरल मोटर्सच्या ५.३ लिटर व्ही-८ इंजिनाची जुनी आवृत्ती साधी व दणकट म्हणून ओळखली जाते. २००७ च्या सुमारास पिकअपमध्ये आलेल्या आवृत्तीत इंधन वाचवण्यासाठी हलक्या भारावर आठापैकी चार सिलिंडर बंद ठेवण्याची सोय जोडली गेली, आणि त्यासाठी वापरलेले आतून सरकणारे विशेष लिफ्टर, म्हणजे कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत पोहोचवणारे दट्टे, अडकून कॅमशाफ्ट खराब होण्याच्या तक्रारी पुढे कित्येक वर्षे येत राहिल्या. एप्रिल २०२५ मध्ये याच कंपनीने २०२१ ते २०२४ या वर्षांतील ६.२ लिटर इंजिनाची सुमारे ५,९७,००० वाहने अमेरिकेत परत बोलावली, कारण कनेक्टिंग रॉड व क्रँकशाफ्ट यांतील निर्मितीदोषांमुळे इंजिन चालत्या गाडीत निकामी होऊ शकत होते. तपासणीत उत्तीर्ण झालेल्या इंजिनांना पूर्वीच्या पातळ ०डब्ल्यू-२० ऐवजी जाड ०डब्ल्यू-४० ऑइल घालण्याचा उपाय योजला गेला, हा तपशील पुढच्या मुद्द्याच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगा आहे.

टोयोटाची कीर्ती या सर्वांहून मोठी असली तरी तिच्याही इतिहासात दोन ठळक डाग आहेत. पहिला चासीच्या गंजाचा: २००८ मध्ये कंपनीने १९९५ ते २००० या मॉडेलवर्षांचे गंजलेले टॅकोमा बाजारभावाच्या दीडपट किमतीला परत घेतले, आणि पुढे २०१६ मध्ये नंतरच्या टॅकोमा, टुंड्रा व सिकोया या सुमारे १५ लाख वाहनांबाबत न्यायालयात तडजोड केली, जिचे मूल्य ३.४ अब्ज डॉलरपर्यंत आकारले गेले. दुसरा डाग इंजिनाचा: २००७ पासून जवळजवळ न बदललेले ५.७ लिटर व्ही-८ इंजिन सोडून २०२२ च्या टुंड्रामध्ये दोन टर्बोचार्जरचे व्ही-६ इंजिन आले, आणि मे २०२४ मध्ये कारखान्यातील यंत्रकामाचा कचरा इंजिनात राहिल्याच्या कारणावरून सुमारे १,०२,००० वाहने परत बोलवावी लागली. टुंड्राचे नाव तेच होते, कारखानाही सॅन अँटोनिओचाच होता. बदलले होते ते यंत्र. निसानच्या २००५ ते २०१० या काळातील फ्राँटियरचा दोष त्याहून सूक्ष्म होता: त्याचे इंजिन व गिअरबॉक्स दोन्ही सुदृढ असूनही रेडिएटरच्या आत बसवलेला गिअरबॉक्स-ऑइलचा कूलर फुटून पाणी व ऑइल एकत्र होई, आणि एका स्वस्त भागामुळे संपूर्ण गिअरबॉक्स निकामी होई.

ब्रँड ओलांडणारे पुरवठादार

पिकअपवर नाव एका कंपनीचे असले तरी त्यातील अनेक भाग पुरवठादारांचे असतात, आणि दोष कधी कधी पुरवठादाराबरोबर प्रवास करतो. बॉश कंपनीचा सीपी-४ हा उच्च दाबाचा डिझेल पंप याचे नमुनेदार उदाहरण आहे. त्याच्या आतील भागांचे वंगण डिझेलच करते, आणि अमेरिकेतील डिझेलची वंगणक्षमता युरोपीय डिझेलपेक्षा कमी असल्याने तो घासून धातूचे कण इंधनव्यवस्थेत सोडू लागला की टाकीपासून इंजेक्टरपर्यंत सर्व काही बदलावे लागते. हा पंप जनरल मोटर्सच्या २०११ ते २०१६ च्या ड्युरामॅक्स इंजिनात होता, फोर्डच्या ६.७ लिटर इंजिनात होता, आणि २०१९-२० च्या रॅममधील कमिन्स इंजिनातही होता. तीन प्रतिस्पर्धी ब्रँडचे निष्ठावंत परस्परांना दोष देत असताना प्रत्यक्षात एकाच पंपाची झीज अनुभवत होते. त्याचप्रमाणे २०१७ नंतरच्या अनेक फोर्ड व जनरल मोटर्स पिकअपमधील दहा गिअरचा स्वयंचलित गिअरबॉक्स हा या दोन कंपन्यांनी मिळून विकसित केला आहे. याउलट एकाच ब्रँडच्या दोन प्रसिद्ध नावांतही अंतर असू शकते: टोयोटाचा जगभर गाजलेला हायलक्स अमेरिकेत १९९५ नंतर विकला गेलेला नाही, त्यामुळे त्याच्या वाळवंटी पराक्रमांवरून टॅकोमाविषयी निष्कर्ष काढणे तर्काला धरून होत नाही.

बदलाचा वेग आणि इंधनाचे गणित

वरील उदाहरणांत एक सूत्र दिसते: बहुतेक मोठे बिघाड नव्या रचनेच्या पहिल्या काही वर्षांत किंवा इंधन व उत्सर्जनाच्या नियमांसाठी जोडलेल्या यंत्रणेत उद्भवलेले आहेत. सिलिंडर बंद ठेवणे, छोटे टर्बो इंजिन, गिअरची वाढती संख्या, पातळ ऑइल आणि एक्झॉस्टमधील वायू पुन्हा इंजिनात सोडणे हे सर्व उपाय गॅलनमागे थोडे अधिक अंतर मिळवण्यासाठी किंवा हवा कमी दूषित करण्यासाठी आले, आणि प्रत्येकाने यंत्रातील सुट्या भागांची संख्या वाढवली किंवा झीज सोसण्याची राखीव क्षमता घटवली. मात्र साध्या-जुन्या यंत्रांचा गौरव करताना त्यांची किंमतही मोजली पाहिजे. जुना व्ही-८ टुंड्रा शहरात गॅलनमागे अवघे तेरा मैलांच्या आसपास, म्हणजे लिटरला साधारण साडेपाच किलोमीटर जात असे, आणि दीर्घ आयुष्यात जळालेले पेट्रोल दुरुस्तीइतकेच खरे असते. शिवाय सर्व नावीन्य टिकाऊपणाच्या विरोधात जात नाही: २०१५ च्या एफ-१५० मध्ये आलेल्या ॲल्युमिनियमच्या बॉडीने वजन तर घटवलेच, पण पत्रा गंजण्याची जुनी तक्रारही संपवली, जरी खालची चासी पोलादाचीच राहिली.

बदल कसा आणला जातो याचेही महत्त्व आहे. निसानने २०२० मध्ये नवे ३.८ लिटर इंजिन व नऊ गिअरचा गिअरबॉक्स प्रथम जुन्याच फ्राँटियरच्या बॉडीत बसवला आणि बॉडी २०२२ मध्ये बदलली; टोयोटाने २०२४ च्या टॅकोमात चासी, इंजिन व गिअरबॉक्स एकाच वेळी नवे आणले. पहिल्या पद्धतीत दोष उमटला तर तो कोणत्या भागातला हे शोधणे सोपे जाते, आणि ग्राहकालाही अज्ञात गोष्टी एकदम स्वीकाराव्या लागत नाहीत.

हवामान, वापर आणि देखभाल

मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया यांसारख्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि तेथे वाहनाचे आयुष्य बहुधा इंजिनाऐवजी चासी, ब्रेकचे पाइप आणि इंधनाची टाकी ठरवतात. ॲरिझोनाच्या कोरड्या उन्हात चासी कोरी राहते, पण रबर, प्लास्टिक व बॅटरी लवकर जातात. त्यामुळे एका ब्रँडबद्दल दोन प्रांतांतील मालकांची मते परस्परविरोधी असून दोन्ही खरी असू शकतात.

वापराचा भेद त्याहून खोल आहे. जड ट्रेलर ओढणारे, धुळीत चालणारे, किंवा कामाच्या जागी तासन्तास इंजिन चालू ठेवून उभे राहणारे वाहन कंपन्यांच्या पुस्तिकांत ‘कठोर वापर’ या वर्गात मोडते आणि त्याच्या ऑइल बदलण्याच्या मुदती कमी असतात. उभ्या गाडीतील तास मीटरवरच्या मैलांत दिसत नाहीत, म्हणून जुना पिकअप घेताना मैलांबरोबर इंजिनाचे तास पाहणे जाणकार आवश्यक मानतात. गिअरबॉक्सचे ऑइल ‘आजीवन’ चालते असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा ते आजीवन वॉरंटीच्या काळाचे की मालकाच्या अपेक्षेचे, हा प्रश्न विचारणे योग्य ठरते.

कीर्तीची किंमत

विश्वासार्हतेची कीर्ती फुकट मिळत नाही. टॅकोमासारख्या वाहनाचा पुनर्विक्रीचा भाव त्याच्या वर्गात उंच असतो, याचा अर्थ बाजाराने भावी दुरुस्तीची बचत आधीच किमतीत मिसळलेली असते. नवे वाहन घेऊन काही वर्षांनी विकणाऱ्याला ही कीर्ती परत मिळते. परंतु दहा वर्षांचे जुने वाहन घेणारा तिच्यासाठी जादा पैसे मोजतो, आणि ती रक्कम कधी कधी कमी नावाजलेल्या पण सुस्थितीतील पिकअपच्या एखाद्या मोठ्या दुरुस्तीइतकी भरते. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवले होते की जुन्या वाहनाच्या बाजारात विक्रेत्याला जे माहीत असते ते ग्राहकाला नसते, आणि त्या अज्ञानामुळे चांगली वाहने बाजारातून मागे हटतात. ब्रँडचे नाव ही दरी काही अंशी बुजवते. सर्व्हिसच्या नोंदी आणि लिफ्टवर चढवून केलेली चासीची तपासणी ती अधिक बुजवतात.

पर्याय मुळातच थोडे असणे हाही या बाजाराचा गुणधर्म आहे. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर लावलेल्या जकातीला उत्तर म्हणून १९६४ पासून आयात हलक्या ट्रकवर २५ टक्के कर लागू झाला, जो ‘कोंबडी कर’ म्हणूनच ओळखला जातो. त्यामुळे उत्तर अमेरिकेत कारखाना नसलेल्या कंपन्या जवळजवळ बाहेर राहिल्या. मुंबईच्या महिंद्र कंपनीने या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत डिझेल पिकअप विकण्याची तयारी केली होती, तीही प्रत्यक्षात उतरली नाही.

समारोप

या सर्व पुराव्याचा मथितार्थ असा की टिकाऊपणाचे खरे एकक ब्रँडपेक्षा लहान असते: विशिष्ट इंजिन, विशिष्ट गिअरबॉक्स, विशिष्ट चासी आणि त्यांचे उत्पादनवर्ष. जुने वाहन घेणाऱ्याला या एककाचा थेट पुरावा मिळू शकतो, म्हणून त्याने नावापेक्षा इंजिनाचा संकेतांक आणि सालाचा इतिहास पाहणे श्रेयस्कर ठरते. नवे वाहन घेणाऱ्यापुढे तो पुरावा नसतो. त्याला ब्रँडकडे पाहावेच लागते, पण ते यंत्राचा दाखला म्हणून नव्हे, कंपनीच्या सवयींचा दाखला म्हणून. कंपनी एक यंत्र किती वर्षे न बदलता सुधारत राहते, नवे भाग एकामागून एक आणते की एकदम, आणि वॉरंटी संपल्यानंतर उघड झालेल्या दोषाची जबाबदारी कितपत घेते, या तीन सवयी यंत्र बदलले तरी सहसा तितक्या लवकर बदलत नाहीत. या कसोटीवर टॅकोमाची गंजलेली चासी टोयोटाच्या खात्यात दोन्ही बाजूंना मांडावी लागते: दोष तिचाच, आणि तेरा वर्षांपर्यंत जुन्या झालेल्या ट्रकची दीडपट किंमत मोजून तो परत घेणारी कंपनीही तीच.